पिवळ्या बर्फावरचा एक गुण

बुलढाण्यात बर्फ दिवाळीनंतर पडतो, हे मला माझ्या घरमालकांनी सांगितलं, तेव्हा मी नुकताच पुण्याहून आलो होतो आणि भाड्याची खोली पक्की करायला त्यांच्या ओट्यावर टेकलो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. पुण्याच्या माणसाला बुलढाणा म्हणजे नकाशावर बोट फिरवून शोधायचं गाव. आगगाडी मलकापूरला सोडायची आणि एस.टी.नं घाट चढून वर यायचं. त्या घाटात मला चांगलीच हुडहुडी भरली होती, म्हणून मी सहज विचारलं, "थंडी फार असते का इथे?"

"थंडी?" ते म्हणाले. "दिवाळी होऊ द्या. बर्फ पडते."

मी हसलो. ते हसले नाहीत. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "झालं सुरू! माणूस अजून घरात नाई आला त त्याले पयवून लावता का?"

दिवाळीची सुट्टी संपवून मी परतलो आणि एका सकाळी दारावर थाप पडली. "चाला पुनेकर, पडला." पुनेकर हे माझं नाव त्यांनीच पाडलं होतं आणि ते गावभर झालं होतं. मी मफलर गुंडाळून निघालो. घाटाच्या कडेला टेकड्यांवर पावसाळ्यात वाढलेलं गुडघाभर गवत पार वाळून पिवळं झालं होतं आणि वाऱ्यानं एका अंगाला निजलं होतं. उन्हात त्याला चकाकी आली होती.

"हे तर गवत आहे," मी म्हणालो.

"तुमच्या डोळ्यायले गवत हाये. पायायले विचारा."

मी चार पावलं उतरलो आणि पाचव्या पावलाला बसलो. बसल्या बसल्याच बराच लांब गेलो. वरून प्रश्न आला, "काय म्हणते पाय?"

"बर्फ म्हणतात," मी म्हणालो. आमची मैत्री त्या दिवशी जमली.

ज्या शाळेत मी मराठी शिकवायचो तिथेच ते कवायत शिकवायचे. मुलं त्यांना ड्रिल सर म्हणत, मीही म्हणू लागलो. सहा फुटांवर उंची, त्यातला बराचसा भाग पायांचा, पांढऱ्या मिशा आणि बारा महिने खाकी अर्धी चड्डी. दुसरबीडकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी फौजेत गेले. फौजेनं त्यांना काश्मीरला धाडलं. तिथे कुणा अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, की या वऱ्हाडी शिपायाचे पाय थकत नाहीत. त्यानं त्यांच्या पायांना लाकडाच्या दोन लांब फळ्या बांधल्या, हातांत दोन काठ्या दिल्या आणि बर्फावर सोडून दिलं. एखाद्याला भजनाचा नाद लागावा तसा त्यांना त्या फळ्यांचा नाद लागला तो लागलाच.

बर्फावरच्या फळ्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डोंगरावरून सुसाट खाली येणारा माणूस उभा राहतो. सरांना त्याचा भारी राग. "उतारावर धोंडाबी पयला येते," ते म्हणत. त्यांची शर्यत निराळी होती. सपाटीवरून, झाडीतून, चढ चढून, उतार उतरून मैलोन् मैल आपल्याच पायांच्या बळावर घसरत जायचं. त्यातही ती एका दिवसाची नाही. युरोपात हिवाळाभर आज या गावी तर पुढल्या आठवड्यात त्या गावी अशा शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीत क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात, आणि हिवाळा सरला की सगळ्या गुणांची बेरीज करून वर्षाचा विजेता ठरतो. याला सर 'माळ' म्हणत. "एक दिवस कोनीबी जिकते, पुनेकर. नवरदेवबी एक दिवस राजा असते. हिवाळाभर जो टिकला, तोच खरा."

हे त्यांना ठाऊक होतं, कारण फौजेच्या एका पथकाबरोबर ते स्वतः एका हिवाळ्यात तिकडे जाऊन आले होते. अनेक देशांच्या शिपायांची माळ होती. त्या अख्ख्या माळेत आपल्या सरांना गुण मिळाला एक.

"एकच?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"काऊन हासता? आपल्या पथकात बाकीच्यायले किती भेटले, विचारा."

"किती?"

"एकालेबी नाई. मंग सांगून काय राह्यलो मी!"

हा एक गुण साऱ्या बुलढाण्याला तोंडपाठ होता. कोर्टाजवळच्या चहाच्या टपरीवर सर दिसले की कुणीतरी हमखास विचारी, "काय सर, किती गुन?" सर बोट वर करत. पान खाणारे हसत. निम्म्या गावाचा समज होता की सर फेकतात, आणि उरलेल्या निम्म्याची खात्री होती. काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, मुक्काम खात्रीवाल्यांत. हिवाळ्यात संध्याकाळी सर रेडिओला कान लावून बसत. परदेशच्या बातम्यांत कधीतरी माळेचा निकाल सांगतील या आशेवर. खरखर यायची, मग गाणी यायची, मग क्रिकेट यायचं. क्रिकेट आलं की सर रेडिओचा कान पिरगाळत. काकू म्हणत, "त्या डब्यातून बर्फ निंगन त मले सांगजा. भांडे घासाले पानी नाई घरात."

तर अशा माणसानं बुलढाण्यात माळ सुरू केली नसती तरच नवल. दिवाळी ते संक्रांत, दर रविवारी एका टेकडीवर शर्यत. फळ्या बांबूच्या, चिरून, तासून, टोकाला विस्तवावर वाकवलेल्या. सगळ्यांच्या फळ्या एकाच सुताराच्या हातच्या आणि एकाच मापाच्या. मलकापूरच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या मुलाला सागवानी फळ्या करून दिल्या, तेव्हा सरांनी त्या शाळेच्या बागेत बाक म्हणून ठोकल्या. पाय बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. फळ्यांच्या तळाला लावायला सरांचं खास वंगण: एरंडेल, मेण आणि चुलीतली राख. बैलगाडीच्या आसाला लावतात त्याच जातीचं, पण सर त्याची कृती अशा गांभीर्यानं सांगत की वैद्य लोकांनीही मान खाली घालावी.

माळेचे कायदे त्यांनी तिकडूनच आणले होते असं ते म्हणत, पण तीन मात्र नक्की त्यांच्या घरचे होते. पहिला, पोचला त्याला गुण. पहिल्याला वीस असतील, तर सगळ्यांत शेवटी येणाऱ्यालाही एक. दुसरा, प्रत्येकाच्या खिशात ट्यूबची एक जादा पट्टी पाहिजे. "आपली तुटन म्हणून नाई बे. रस्त्यात कोनाचीबी तुटू शकते." आणि तिसरा, शेवटचा गडी पोचल्याशिवाय निकाल जाहीर करायचा नाही, मग पाहुणा कुणी का असेना.

या तिसऱ्या कायद्यामुळे गावात सगळ्यांत जास्त बोलणी मी खाल्ली. माळेत मास्तरांनीही उतरलं पाहिजे असा सरांचा हट्ट, आणि शाळेत नाही म्हणायला न शिकलेला मास्तर मी एकटाच. चढावर फळ्या बदकाच्या पायांसारख्या फाकवून चढायचं असतं. मी बदकासारखा चढे आणि पोत्यासारखा उतरे. सगळी पोरं टेकडीच्या पायथ्याशी भुईमुगाच्या शेंगा फोडत माझी वाट पाहत बसलेली असत. मी दिसलो की टाळ्या वाजत, सर बोट वर करून ओरडत, "पुनेकर, एक!" आणि मगच पहिला कोण ते कळे. रविवारी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसून मोज्यांत घुसलेली कुसळं उपटत असू. गवताचं ते काटेरी बी कापडात शिरलं की निघता निघत नाही. काकू चहा आणून ठेवत आणि म्हणत, "दोन घोडे झाले, पन खेयनं सुटलं नाई."

मी आल्याच्या चौथ्या हिवाळ्यात काश्मीरहून निरोप आला. सरांच्या पायांना फळ्या बांधणारा तो जुना अधिकारी आता बर्फावरचं शिक्षण देणाऱ्या एका शाळेचा प्रमुख झाला होता. तुझ्या भागातलं एक मूल पाठव, मुलगा असो की मुलगी, खाणंपिणं आणि सामान आमचं. शेवटी इतर ठिकाणच्या मुलांबरोबर शर्यत होईल. सर चार दिवस जमिनीवर नव्हते. वर्गात, मैदानावर, टपरीवर एकच वाक्य, "आपलं एक पोट्टं खऱ्या बर्फावर जाऊन राह्यलं!" आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी प्रवासखर्च द्यायचं कबूल केलं आणि विचारलं, कोण जाणार? सर म्हणाले, "माळ सांगन थे."

माळेत दोघं पुढे होती. एक विलास, जवळच्याच गावच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. देखणा, वाऱ्यासारखा, आणि स्वभावानं इतका मोकळा की त्याच्यावर रागावताही येऊ नये. ज्या रविवारी उतरायचा त्या रविवारी पहिला यायचा. पण कुठे शंकरपट भरला, बैलांच्या शर्यती लागल्या, की विलासराव तिकडे. दुसरी कांता. तिचे वडील कोर्टात चपराशी होते. बारीक अंगाची, कमी बोलणारी, दोन वेण्या घट्ट वर बांधून येणारी मुलगी. ती पहिली कधी आली नाही. पण एकही रविवार चुकली नाही. दुसरी, तिसरी, चौथी, असे गुण ती शेंगा वेचाव्यात तसे वेचत गेली. तिला पळताना मी कधी पाहिलंच नाही. ती पोचलेलीच दिसायची.

शेवटच्या शर्यतीआधी हिशेब अगदी सोपा होता. विलास पहिला येणार हे धरून चालायचं. कांता पहिल्या चौघांत आली तर बर्फावर ती जाणार. नाही आली तर तो. "तुम्हाला कोणी जावंसं वाटतं?" असं मी सरांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "मले वाटून काय करता? मी काय गवत हाये का?" पण कांताच्या पट्ट्या ते दर शनिवारी ओढून पाहत, हे मी पाहिलं होतं.

आमच्या शर्यती नेहमी ऊन वर आल्यावर सुरू होत. त्या दिवशी अध्यक्षांना अकोल्याला जायचं होतं म्हणून सकाळी सातची वेळ ठरली. संक्रांतीच्या तोंडावरचा रविवार, कडक थंडी, आणि गवतावर दव असं की चपला ओल्याचिंब. मुलं सरावाला म्हणून थोडी घसरून आली आणि थांबून एकमेकांच्या पायांकडे पाहू लागली. ओलं गवत आणि सरांचं वंगण यांचं जमेना. फळ्यांच्या तळाला कुसळं, काडीकचरा, माती, सगळं चिकटून फळ्यांना दाढ्या आल्या होत्या. कुणाची फळी हलेना. विलास हसत होता. कांता एका बाजूला बसून नखानं एक एक कुसळ काढत होती, आणि जितकी काढावीत तितकी ती पुन्हा चिकटत होती.

सर खाली वाकले, एका फळीवरून बोट फिरवलं, वास घेतला. इतकी वर्षं ज्या वंगणाची त्यांनी कीर्ती सांगितली, ते त्यांच्या बोटावर चिखल होऊन बसलं होतं. कांता त्यांच्यापासून हातभरावर होती. एक शब्द तिच्या कानात सांगितला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी शिट्टी फुंकली.

"सगळे इकडे या बे! माहं वंगन आज खोटं हाये. ओल्यात चालत नाई थे. पुसून टाका, कोरड्या मातीनं घासा, फळी पांढरी झाली पाहिजन. विलास, तू काय हासून राह्यला? घास!"

अध्यक्ष घड्याळ पाहत राहिले आणि सगळी पोरं माती घासत बसली. मग शर्यत सुटली.

पुढे काय झालं ते सांगायला मी सर्वांत नालायक साक्षीदार, कारण मी सर्वांत मागे होतो. पहिल्याच चढावर माझ्यापुढची पाठ दिसेनाशी झाली. टेकडीला वळसा घालताना घळीपाशी गवत चोळामोळा झालेलं दिसलं आणि बाजूला निळी रिबीन पडलेली. ती कांताची होती. मी ती उचलून खिशात कोंबली आणि आयुष्यात पहिल्यांदा जोरानं जाऊ लागलो. त्यामुळे दोनदा जास्त पडलो.

पायथ्याशी आलो तर टाळ्या नाहीत, शेंगा नाहीत. कांताच्या कोपरातून रक्त येत होतं. विलास गवतात उताणा पडून धापा टाकत होता. अध्यक्ष मोटारीला टेकून उभे होते, चेहरा आंबट. सरांनी बोट वर केलं. "पुनेकर, एक!" आणि मग पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. विलास पहिला. दुसरा मलकापूरकडचा एक मुलगा. तिसरी कांता.

विलासच पहिल्यांदा उठला आणि ओरडला, "कांते, बर्फाचा गोया आनजो बे मले!" पोरांनी तिला उचललं. तिनं खाली उतरून आधी काय विचारलं असेल? "पुनेकर सर, माही रिबीन दिसली का?"

त्या दिवशी संध्याकाळी कुसळं काढताना काकू फणकारल्या. "म्या ऐकलं. त्या पोरीले एकलीले सांगतलं असतं त काय झालं असतं? पडलीबी नसती, रगतबी नसतं निंगालं."

सरांनी मोजा उलटा केला. मग म्हणाले, "मले जो एक गुन भेटला ना, थो कसा भेटला सांगू का?"

"हजार खेपा सांगतला."

"अर्धाच सांगतला."

आणि त्यांनी उरलेला अर्धा सांगितला. त्या शर्यतीत दुपारी ऊन पडलं आणि बर्फ अचानक ओला झाला. सरांच्या फळ्यांना खालून बर्फाचे गोळे चिकटायला लागले. पाऊल उचलेना. बाकीचे पुढे निघून गेले. सरांनी फळ्या सोडल्या आणि बर्फात बसून घेतलं, झालं, संपलं. तेवढ्यात मागून तिथलाच एक शिपाई आला. त्याला सरांची भाषा येत नव्हती आणि सरांना त्याची. तो थांबला, सरांच्या फळ्या उलट्या केल्या, चाकूनं खरवडल्या, आपल्या खिशातलं मेण काढून घासून दिलं आणि हातानं खूण केली: हं, ऊठ. "मी उठलो. त्याच्या म्होरं निंगालो आनि त्याच्या म्होरंच पोचलो. शेवटून दुसऱ्याले एक गुन होता तथी, शेवटच्याले काही नाई. मले भेटला, त्याले नाई भेटला. नावबी नाई माहीत मले त्याचं." सरांनी मोजा झटकला. "थो गुन पुरा माहा नाई. आता मी त्या गुनावर आयुष्यभर बोट वर करून राह्यलो, आनि सांगायच्या वक्ताले एकीच्याच कानात सांगू का?"

काकू उठल्या. चहाची भांडी उचलून आत गेल्या, आणि आतूनच म्हणाल्या, "इतके वर्स मले वाटे, फेकता. आज पटलं. फेकनारा मानूस आपलाच गुन अर्धा करून सांगत नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही कांताच्या घरी गेलो. तिचे वडील दारातच भेटले. "जयभीम, सर! या, बसा." ते तयार होते, पोरगी शिकेल तेवढं थोडं, असा त्यांचा विचार. अडलं आईपाशी. आई म्हणाली, "मी नाई म्हनत नाई. पन इतक्या दूर, सारे मिलट्रीचे मानसं. कोनी बाई सोबत असन तरच धाडतो."

आता आली का पंचाईत. काश्मीरच्या शाळेत कांताबरोबर एकाच माणसाची सोय होती, आणि तो माणूस कोण हे सरांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. ट्रंकेतला जुना लोकरी कोट उन्हात घालून झाला होता. इतक्या वर्षांनी ते पुन्हा बर्फ पाहणार होते. बाई कुठून आणायची? शाळेतल्या एकुलत्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. सर अंगठ्यानं मिशी चोळत बसले. मग घरी येऊन ओट्यावर बसले. संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

"मी जातो त्या पोरीसंग," काकू म्हणाल्या.

"तू?" सर म्हणाले. "तू त अकोल्याच्या पलीकडे नाई गेली कधी."

"मंग काय झालं? तुमी दुसरबीडच्या पलीकडे गेले होते का फौजेत जायच्या आंधी?"

सरांनी काकूंकडे पाहिलं, मग त्या कोटाकडे. उठले, कोट झटकला आणि काकूंच्या हातात दिला. "बाह्या मोठ्या होतीन," एवढंच म्हणाले.

मलकापूर स्टेशनवर आम्ही त्यांना गाडीत बसवायला गेलो. काकूंनी नऊवारीवर फौजेचा कोट चढवला होता आणि काखेत लोणच्याची बरणी होती. सर कांताला शेवटच्या सूचना देत होते. तिथलं मेण तिथल्या माणसाला विचारून लाव. चढावर श्वास मोज. आणि मग, "खिसा दाखव." तिनं खिशातून ट्यूबची पट्टी काढून दाखवली. गाडी निघाली. सर फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. त्या लांब पायांना ते जड नव्हतं. परत येताना आम्ही एस.टी. धरली. घाटात पिवळं गवत दिसायला लागलं तेव्हा त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि तसं मी बोललोही. ते म्हणाले, "वाईट कायचं? बर्फ कोटाले त ओळखन."

दोघी परतल्या तेव्हा महाशिवरात्र झाली होती. एस.टी. स्टँडवर अर्धी शाळा, विलास, कांताचे आईवडील आणि टपरीवरचे ते पान खाणारेही जमले होते. काकू आधी उतरल्या. नाकाचा शेंडा उन्हानं सोलला होता. कुणीतरी विचारलं, "काकू, कसा हाये बर्फ?"

"पांढरा हाये," काकू म्हणाल्या. "बाकी यायनं सांगतला तसाच."

मग कांता उतरली. सर तिच्यापुढे उभे राहिले. शर्यतीचं काय झालं हे विचारायला सगळ्यांची तोंडं उघडली होती, पण सरांनी एकच विचारलं.

"पोचली?"

"हाव सर."

"किती?"

कांतानं बोट वर केलं. एक.

गर्दीत हसू फुटलं, पण वाईट नव्हतं ते. सरांनीही हसायला सुरुवात केली होती, तेवढ्यात काकू मध्ये पडल्या. "पुरं सांग ना वं. नाई त मी सांगतो. हिले दोन भेटत होते. शेवटून दुसरी होती हे. हिच्या मांगं एक पहाडातली पोरगी, तिची पट्टी तुटली आनि थे बसली बर्फात रडत. हे बाई गेली ना परत! खिशातली ट्यूब काढली, तिचा पाय बांधला, तिले उभी केली. आनि थे पोरगी निंगाली म्होरं. तिले दोन, हिले एक. बरं, हे येऊन राह्यली तवा तथचे साहेब लोक कागद काढून निकाल वाचाले लागले! म्या म्हटलं, ओ साहेब, माहं पोरगं अजून यायचं हाये. शेवटचा पोचल्याबिगर निकाल नाई. आमच्या बुलढान्यात असाच कायदा हाये. थांबले ना मंग! झक मारून थांबले. म्हाताऱ्या साहेबानं मले सलाम ठोकला."

"सर," कांता हळूच म्हणाली, "चुकलं का? दोन आनता आले असते."

इतक्या उंच माणसाला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. ते लपवायला त्यांना वाकावं लागत नव्हतं, आम्हालाच वर पाहावं लागत होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"नाई पोरी," ते म्हणाले. "इतके वर्स माहा एक अर्धाच होता. आज कुठं पुरा झाला."

मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी तिला म्हटलं, "खिसा दाखव." तिनं खिसा उलटा करून दाखवला. रिकामा. सरांनी आपल्या खाकी चड्डीच्या खिशातून ट्यूबची पट्टी काढली, तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हे घे. माळ संपली म्हणून काय झालं, गवत अजून हाये. रविवारी येजो."

रविवारी सगळे आले. निकाल माझ्यासाठी थांबला होता.